कट्ट्यावर नाटकाची चर्चा करताय? बेणारेवर पुन्हा खटला भरू नका

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ अभ्यासाला असलेल्या मुलामुलींबरोबर मी गेली काही वर्षं बसते. कॉलेज सुटलं की माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनमध्ये. नाटकात हौशी कलाकारांची मंडळी गंमत म्हणून खोटा खटला भरतात, अविवाहित शिक्षिका बेणारेला आरोपी करतात, आणि बघता बघता तिच्या खऱ्या आयुष्याचीच उलटतपासणी सुरू होते. वर्गात तोंडातून निघत नाही ते तिथे निघतं, म्हणून ही चर्चा वाया गेली की जीव तुटतो.

वाया जाते ती बहुतेकदा एकाच प्रश्नाने: ‘बेणारेचं चुकलं का?’ लगेच दोन तट पडतात, आवाज चढतात आणि आपण नकळत न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या खुर्चीत जाऊन बसतो. एकदा वीस मिनिटं हेच चाललं होतं. कल्याणच्या लोकलसाठी उठलेली एक मुलगी सॅक खांद्याला लावता लावता म्हणाली, “दामलेंचं काय? त्यांच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.” खरंच, कोणी बोललं नव्हतं. नाटकात प्रोफेसर दामले, बेणारेच्या पोटातल्या मुलाचे वडील, त्या दिवशी येतच नाहीत, आणि आमच्या चर्चेतूनही ते तसेच सुटले होते. आता आम्ही आधी विचारतो, या कोर्टात जाब कोणाला विचारला जात नाही?

दुसरी चूक पुस्तक मिटून बोलण्याची. ‘सामंतने तर बेणारे आणि दामलेंचं बोलणं ऐकलं होतं ना, दामलेंच्या खोलीवर?’ असं दरवर्षी कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. अरे, साक्षीदार केलेला तो सामंत हातातल्या कादंबरीतून साक्ष रचतोय! ते पान उघडून मोठ्याने वाचा. रचलेली साक्ष वकील झालेले सुखात्मे कशी खरी धरून पुढे नेतात, ते कानाला जास्त लवकर कळतं. या नाटकावरचा १९७१ चा सिनेमा जरूर बघा, पण वाचन झाल्यावर.

बेणारेचं स्वगत म्हणजे तिने कोर्टाला दिलेलं उत्तर, असंही बरेच जण धरून चालतात. काशीकर तिला फक्त दहा सेकंद देतात. ती बोलते तेव्हा बाकीचे सगळे जागच्या जागी थिजलेले असतात, म्हणजे तिचं कोणाच्याच कानावर पडत नाही. एकीने वाचा, बाकीच्यांनी अजिबात हलू नका, मोबाइलवर दहा सेकंदांचा टायमर लावा. तो वाजतो तेव्हा वाचणारीची जेमतेम सुरुवात झालेली असते. आमच्याकडे त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नव्हतं.

आणि खटला भरणाऱ्या त्या मंडळींना खलनायक ठरवून मोकळे होऊ नका. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे खोट्या खटल्याचा, प्रयोग करायला निघालेल्या हौशी लोकांच्या गप्पांतून तेंडुलकरांना हे नाटक सुचलं. म्हणजे ती आपल्याच आजूबाजूची, सभ्य माणसं. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने प्रयोग केला आणि सुलभा देशपांडे बेणारे झाल्या, तेव्हा प्रेक्षागृहातही अशीच माणसं बसलेली असणार.

चर्चा अडलीच तर नाटकातल्या दाराच्या कडीपाशी या. आत येताना बेणारेच्या बोटाला तिनेच लागतं, आणि पुढे बेणारे निघून जाऊ बघते तेव्हा दार उघडत नाही. या दोन जागांच्या मध्ये कोण कधी काय बोललं, ते पेन्सिलीने खुणा करत जा.