पेन्शनचे कागद: आधी सेवापुस्तक उघडा

मी महापालिकेत पेन्शनच्या टेबलावरच बसायचो, म्हणून सांगतो. निवृत्तीच्या वर्षभर आधी सेवापुस्तक, म्हणजे तुमच्या नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, मागवा आणि पान न् पान बघा. वेतननिश्चितीखाली, म्हणजे पगार ठरवल्याच्या नोंदीखाली, सही आहे का? बायकोचं नाव आधारवर आहे तसंच आहे का? माझ्याच पुस्तकात तिच्या नावातली वेलांटी पहिली, आधारवर दुसरी. तेवढ्यासाठी चार महिने हेलपाटे घातले, तेही माझ्याच जुन्या टेबलासमोर!

४० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते. एकरकमी पैसे मिळतात, पण दरमहा तेवढी कपात होते, आणि ती १५ वर्षांनी थांबते. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. पूर्ण पेन्शन सुरू झाली का, ते तुम्हीच बघायचं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्या. पोच घ्याच.