स्वस्त फोनने फोटो काढताना या चुका टाळा : बिघडलेला फोटो पुसण्याआधी तपासा

मागच्या वर्षी नागपुरात, एका लहानशा मंगल कार्यालयात, माझ्या भाचीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाले. छायाचित्रकार बोलावलेला नव्हता. घरातल्या तिघाचौघांनी आपापल्या फोनवर फोटो काढायचे, असे ठरले होते. माझा फोन बारा हजार रुपयांचा. त्या संध्याकाळी मी शंभराच्या आसपास फोटो काढले. घरी येऊन ते मोठे करून पाहिले, तर कुठे अंगठी घालणारा हात हललेला, कुठे आजीचा चेहरा रवाळ, तर कुठे मंचावरच्या दिव्यांभोवती पांढरे धुके पसरलेले. फोनच स्वस्त आहे, असे म्हणून ते सगळे पुसून टाकणे सोपे होते. मी ते ठेवले, आणि पुढचे काही आठवडे एकेक फोटो तपासत गेलो, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी असते. ती खूण ओळखता आली, तर बरेचसे दोष त्याच फोनवर, एक रुपयाही खर्च न करता दूर करता येतात.

खूण ओळखण्याची रीत अशी. बिघडलेला फोटो गॅलरीत उघडावा, दोन बोटांनी मोठा करावा आणि त्यातली सर्वांत स्पष्ट गोष्ट शोधावी. कुठेच काही स्पष्ट नसेल आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील, तर फोन धरलेला हात हलला आहे. मागची भिंत, खुर्च्या, पडदा स्वच्छ दिसत असून माणूस तेवढा पुसट असेल, तर त्या माणसाने हालचाल केली आहे किंवा फोनने फोकस भलतीकडेच धरला आहे. पुसटपणाला दिशा असेल तर हालचाल, सगळीकडून सारखाच मऊ असेल तर फोकस. चित्रावर दुधाळ पडदा आणि दिव्यांतून निघालेल्या लांब रेघा दिसल्या, तर लेन्स मळलेली आहे. गालावर, भिंतीवर रंगीत रवा दिसत असेल, तर उजेड कमी पडला आहे. आडवे काळपट पट्टे आले असतील, तर दोष दिव्यांच्या लुकलुकण्याचा आहे.

यांपैकी बहुतेक दोषांच्या मुळाशी एकच कारण असते, आणि ते समजून घेतले तर पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. दहा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये चित्र टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखाहूनही लहान असतो आणि लेन्सचे तोंड कमीजास्त उघडण्याची सोय त्यात नसते. त्यामुळे उजेड कमी झाला की फोनच्या हाती दोनच गोष्टी उरतात : शटर अधिक वेळ उघडे ठेवणे, म्हणजे उजेड जास्त वेळ टिपत राहणे, किंवा मिळालेला क्षीण संकेत वाढवून दाखवणे. पहिल्या उपायाने चित्र हलते, दुसऱ्याने रवाळ होते. महागड्या फोनमध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणा लेन्सलाच जोडलेली असते. स्वस्त फोनमध्ये ती बहुधा नसते, म्हणून तिचे काम आपल्या हातांना करावे लागते.

लेन्स न पुसता काढलेला फोटो

सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. फोन खिशात, पर्समध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर वावरतो. बोटांचे तेल, घाम आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ यांचा पातळ थर लेन्सच्या काचेवर बसतो. तो डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण समोर दिवा किंवा खिडकी आली की उजेड त्या थरात पसरतो आणि सगळे चित्र फिकट पडते. साक्षगंधाच्या फोटोंतले धुके याच थराचे होते. चष्मा पुसायच्या मऊ कापडाने आधी धूळ हलकेच झटकावी आणि मग काच पुसावी. शर्टाच्या टोकाने किंवा ओढणीने करकचून पुसू नये, कारण कापडात अडकलेले धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. लेन्सच्या रक्षणासाठी वरून चिकटवलेली जादा काच हेही धुरकटपणाचे एक कारण असते. ती काढून एकदा रात्रीच्या दिव्यांचा फोटो घ्यावा आणि फरक पाहावा. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आल्यावर लेन्सवर बाष्प धरते. अशा वेळी दोन-चार मिनिटे थांबणे एवढाच उपाय आहे.

पांढरे राखाडी का होते आणि काळे फिकट का पडते

हा विषय थोडा सविस्तर मांडतो, कारण या दोषाला लोक फोनचा दोष समजतात आणि तो अर्ध्या मिनिटात दूर होतो.

एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवर वाळवण पडते. माझी वहिनी कुरडया, सरगुंडे आणि मुंगवड्या करून विकते आणि गिऱ्हाइकांना फोटो पाठवते. पांढऱ्या धोतरावर पसरलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडयांचा तिचा फोटो नेहमी मळकट, राखाडी येत असे, आणि गिऱ्हाईक विचारत असे की माल जुना आहे का. कॅमेऱ्याला समोरची वस्तू पांढरी आहे की काळी, हे नीट ठाऊक नसते; समोरचे सगळे दृश्य मध्यम उजेडाचे असावे, या अंदाजाने तो चित्र बेतत असतो. चौकटभर पांढरे दिसले की त्याला उजेड फार झाला असे वाटते आणि तो चित्र दाबतो. उपाय असा : स्क्रीनवर कुरडईवर बोट टेकवावे, शेजारी सूर्याचे लहानसे चिन्ह किंवा सरकपट्टी उमटते, ती थोडी वर सरकवावी. पांढरे पांढरे दिसू लागले, पण कुरडईच्या तारा अजून वेगळ्या दिसत आहेत, तिथे थांबावे. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा पांढरा घुमट चौकटभर घेतल्यावर तो करडा दिसतो, त्यालाही हेच कारण आहे.

याच्या उलट अनुभव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. नागपुरातल्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत काळ्या मारबतीचा फोटो जवळून काढला की काळा रंग राखोडी होतो आणि मागचे आकाश पांढरेफटक पडते, कारण चौकटभर काळे पाहून फोन चित्र उजळवत असतो. तिथे तीच पट्टी खाली सरकवावी. पांढऱ्यासाठी वर आणि काळ्यासाठी खाली, हे ऐकताना उलटे वाटते, म्हणून एकदा घरीच पांढरी आणि काळी उशी घेऊन करून पाहावे.

बोट टेकवून दोन सेकंद दाबून धरले, तर बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतात. दीक्षाभूमीसमोर कुटुंबाचा फोटो काढताना बोट चेहऱ्यावर टेकवावे, आकाशावर किंवा घुमटावर नव्हे. नाहीतर मागचा उजेड पाहून फोन चेहरे काळवंडून टाकतो. सूर्य आपल्या पाठीशी तिरका असेल अशी जागा निवडली, तर पट्टीला हात लावायची वेळही क्वचितच येते.

दुपारचे ऊन

नागपुरात मे महिन्याच्या अखेरीस सव्वाबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. उजेड भरपूर असूनही चेहऱ्याचे फोटो वाईट येतात ते यामुळेच : भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाची ओठांवर, आणि कपाळ मात्र चकाकते. एवढा मोठा फरक लहान सेन्सरला पेलत नाही. माणसाला व्हरांड्यात किंवा भिंतीच्या सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून उभे करावे. मऊ, एकसारखा उजेड चेहऱ्यावर येतो. कडुनिंबाखालची सावली मात्र टाळावी, कारण पानांतून गळणारे कवडसे चेहऱ्यावर ठिपक्यांसारखे उमटतात. मोकळ्यावर फोटो काढायचेच असतील, तर उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर काढावेत. फुटाळा तलावाच्या काठावर मावळतीकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो. त्याला मावळतीकडे तोंड करायला सांगितले, तर तोच सोनेरी उजेड चेहऱ्यावर येतो आणि तलावाचा फोटो वेगळा काढता येतो. दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत बसवण्याचा हट्ट स्वस्त फोनवर सहसा फळत नाही.

पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की फोन तापतो, आणि मग फ्लॅश बंद होणे, स्क्रीन मंद होणे किंवा कॅमेरा आपोआप बंद पडणे असे प्रकार होतात. हा बिघाड नव्हे. फोन स्वतःला वाचवत असतो. कव्हर काढावे, चार्जिंग थांबवावे आणि फोन सावलीत ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवून थंड करू नये, कारण त्यामुळे आत बाष्प धरू शकते.

झूम आणि मेगापिक्सेल

मिरवणूक लांबून दिसते म्हणून आपण झूम करतो. स्वस्त फोनमध्ये दूरचे पाहणारी वेगळी लेन्स नसते; झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे. खोक्यावर ५० मेगापिक्सेल, म्हणजे चित्राचे पाच कोटी बिंदू, असे लिहिलेले असले, तरी फोन चार-चार बिंदू एकत्र करून रोजचा फोटो १२.५ मेगापिक्सेलचाच देतो, आणि ते योग्यच आहे, कारण बिंदू एकत्र केल्याने उजेड अधिक मिळतो. पण चार पट झूम केले की त्याचा सोळावा भाग, म्हणजे ०.८ मेगापिक्सेलच्याही खाली खरी माहिती उरते. बाकीचे चित्र फोन अंदाजाने भरतो. दोन पटींपर्यंत ठीक. त्यापुढे पायांनी जवळ जावे, किंवा मिरवणूक जिथून वळते तो कोपरा आधीच गाठून ठेवावा. पूर्ण ५० मेगापिक्सेलचा पर्याय फक्त लख्ख उजेडात, मोठा छापील फोटो हवा असेल तेव्हाच निवडावा. बडगे (मिरवणुकीतले दुसरे पुतळे) किंवा मारबत पुढे सरकत असताना एचडीआर (उजळ आणि गडद भाग सांभाळणारा पर्याय) चालू ठेवले, तर काही फोनमध्ये एकाच हाताच्या दोन सावल्या उमटतात, कारण तो अनेक फोटो जोडून एक करत असतो. असे दिसल्यास ते बंद करावे.

कार्यालयातील दिवे

साक्षगंध, बारसे, मुंज हे समारंभ बंद सभागृहात होतात, आणि स्वस्त फोनची खरी परीक्षा तिथेच असते. कोपरे बरगड्यांना टेकवून फोन दोन्ही हातांनी धरावा, शक्य असल्यास खांबाला टेकून उभे राहावे आणि स्क्रीनवरचे बटण टोचण्याऐवजी आवाजाचे बटण हलके दाबावे. नाइट मोड वापरताना फोन दोन-तीन सेकंद चित्रे गोळा करत असतो. आवाज झाला की लगेच हात खाली घेण्याची सवय इथे घात करते. आणि नाइट मोड स्थिर माणसांसाठी आहे. अंगठी घालतानाचा, अक्षता टाकतानाचा क्षण त्यात पुसटच येणार. त्या क्षणासाठी नेहमीचा मोड ठेवून बटण दाबून धरावे, सलग आठ-दहा फोटो घ्यावेत आणि त्यांतला, हात क्षणभर थांबलेला, निवडावा.

फ्लॅशचा पल्ला दीड-दोन मीटरचा असतो. मागच्या रांगेतून मंचावर फ्लॅश मारला, तर पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. जवळ जाता येत नसेल, तर तो बंद ठेवून मंचावरच्या दिव्यांवर विसंबावे. आडवे पट्टे येत असतील, तर त्याचे कारण वीजपुरवठ्यात आहे : आपल्याकडे ५० हर्ट्झचा प्रवाह आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पट्टे रोखण्याचा पर्याय असेल तर ५० हर्ट्झ निवडावे, किंवा प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग स्वतः ठरवण्याच्या पर्यायात, शटर १/५० वा १/१०० सेकंद ठेवावे. त्यानेही काही सजावटीच्या दिव्यांचे पट्टे जात नाहीत. तेव्हा जागा बदलून त्या दिव्यांना चौकटीबाहेर ठेवणे बरे.

फार जवळ जाणे

तर्री पोह्यांच्या प्लेटवर फोन जवळजवळ टेकवला, तर मुख्य कॅमेरा फोकस धरू शकत नाही. मग लोक दोन मेगापिक्सेलच्या मॅक्रो (जवळच्या वस्तूंसाठीच्या) कॅमेऱ्याकडे वळतात, ज्याचा दर्जा मुख्य कॅमेऱ्याच्या जवळपासही नसतो. वीतभर अंतरावरून मुख्य कॅमेऱ्यानेच फोटो घ्यावा आणि नंतर कापावा. वाफ लेन्सवर येत असेल, तर बाजूने काढावा. माणसाचा चेहराही हातभर अंतरावरून काढू नये. रुंद लेन्समुळे नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दीड मीटर मागे सरून दोन पट झूम करावे. ब्युटी मोड तर बंदच ठेवावा, निदान आजी-आजोबांच्या फोटोंसाठी. त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसणारा फोटो मला त्यांचा वाटत नाही.

काढताना चांगला असलेला फोटो पाठवल्यावर बिघडला, अशी तक्रारही येते. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना फोटो बराच लहान करते. एचडी निवडावे, किंवा छापायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

खरोखर फोन बिघडला आहे का

हे सगळे करूनही शंका राहिली, तर दिवसाच्या उजेडात भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवावे, कव्हर आणि लेन्सवरची जादा काच काढावी, लेन्स पुसावी, कॅमेऱ्याची सेटिंग मूळपदावर आणावी आणि सरळ समोरून पाच-सहा फोटो घ्यावेत. प्रत्येक फोटोत एकच कोपरा पुसट येत असेल, ठरावीक जागी डाग दिसत असेल, किंवा एवढ्या उजेडातही फोकस पुढे-मागे घुटमळत राहत असेल, तर फोन सेवा केंद्रात न्यावा, आणि ते फोटो न पुसता सोबत दाखवावेत.