जुनं नाणं हाती आलं? पहिल्या दिवशीच्या या चुका टाळा

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या गावात घरोघरी देव्हाऱ्यातला पितळी डबा खाली उतरतो. त्यात चार-पाच कलदार म्हणजे इंग्रजांचे चांदीचे रुपये, एखादी शिवराई म्हणजे मराठ्यांचं तांब्याचं नाणं, एक-दोन भोकाचे पैसे आणि आजीच्या तुटलेल्या हमेलीतले, म्हणजे रुपयांच्या माळेतले, सुटे रुपये असतात. वर्षभराचं हळद-कुंकू त्यांना चिकटलेलं असतं. मग ताटात चिंच भिजते आणि घासणं सुरू होतं. माझ्या लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं, आणि मी ते मन लावून करायचो.

पुढं नाणी गोळा करण्याचा नाद लागला. वऱ्हाडातल्या कारंजा-दारव्हा भागातले आठवडी बाजार, भंगाराची दुकानं, नातेवाइकांचे डबे, जिथं जमेल तिथं मी बघत आलो. आपल्या भागात चांगलं नाणं निघतच नाही, असं अजिबात नाही. निघतं, पण त्याचं मोल सापडल्यापासून दोन-चार दिवसांतच जातं. कुणी ते घासतं, कुणी तोलून विकतं, कुणी चुलतभावांत वाटून टाकतं. म्हणून कुणी फोन करून "मले जुना शिक्का सापडला" म्हटलं, की माझं पहिलं सांगणं एकच असतं: आज काहीच करू नका.

चिंच, राख आणि पितांबरी

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. शेजारच्या काकूंच्या डब्यात १९११ चा रुपया निघाला. पंचम जॉर्जच्या नावाचं हे पहिलंच वर्ष. या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या मानचिन्हात एक छोटासा हत्ती आहे. त्याची सोंड आखूड कोरली गेली आणि तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. त्यामुळे १९११ चा रुपया पुढच्या सालांपेक्षा कमी मिळतो, आणि जमवणारे त्याला 'डुक्कर रुपया' म्हणूनच ओळखतात. काकूंचा रुपया मी भिंगाखाली धरला. झग्यावर हत्तीच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी होती. कित्येक दिवाळ्यांच्या राखेनं नेमका तोच भाग झिजवला होता. साल शाबूत होतं, राजाचा चेहरा ओळखू येत होता. पण ज्याच्यासाठी कुणी चार पैसे जास्त दिले असते, ते गेलं होतं. काकू म्हणाल्या, "देवापुढं काळं नाणं कसं ठेवावं, भाऊ?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षांच्या हवेनं तपकिरी किंवा हिरवट साय धरते. ती मळ नसते, खालच्या धातूचं ती रक्षण करते. चिंच आणि लिंबातलं आम्ल ती साय खाऊन टाकतं. नाणं गुलाबी, नवंकोरं दिसतं, आणि महिन्याभरात डागाडागांनी काळं पडतं. चांदीवरचा काळा थर हवेतल्या गंधकामुळे येतो, तोही तसाच राहू द्यावा. राखेनं किंवा पावडरीनं घासलं की बारीक ओरखडे उठतात. नाणं उजेडात फिरवलं की जाणकार ते क्षणात ओळखतो, आणि भाव तिथंच खाली येतो.

फारच माती असेल, तर बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं, त्यात एक-दोन दिवस नाणं बुडवून ठेवा. दुकानदाराला पाणीच मागा, कारण तिथं बॅटरीचं आम्लही असतं. पाणी गढूळ झालं की बदला. नंतर सुती कापडावर नाणं ठेवून टिपून घ्या, पुसू नका. शेतातून निघालेल्या, हिरवी भुकटी सुटणाऱ्या नाण्याला मात्र हेही करू नका. ते वेगळं ठेवा, कारण तशी भुकटी शेजारच्या तांब्यालाही लागू शकते.

पूजेचा प्रश्न उरतोच. माझ्या घरी आम्ही १९१८ चे दोन आणि १९४३ चा एक असे सहज मिळणारे रुपये पूजेसाठी ठरवून टाकले आहेत. ते दर वर्षी खुशाल धुतले जातात. बाकीच्यांना कुंकू लागत नाही. आईला हे पटायला एक दिवाळी गेली.

सोनाराच्या काट्यावर सगळे रुपये सारखे

पेरणीच्या दिवसांत, बियाण्याला पैसे कमी पडले की डबा सोनाराकडे जातो. अडचण खरी असते, त्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. पण देण्याआधी दहा मिनिटं साल बघा, एवढीच विनंती आहे.

इंग्रजांचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंत त्यात जवळपास ९२ टक्के चांदी होती, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध. १९४० पासून ती निम्म्यावर आली, म्हणजे ५.८ ग्रॅमच्या आसपास. युद्धाच्या काळात चांदी वाचवायची होती. १९४० नंतरच्या रुपयाच्या कडेला दातांच्या मधोमध एक खाच फिरवलेली असते, बनावट नाणी ओळखता यावीत म्हणून. साल झिजलं असेल तरी ही कड बोटानं कळते. दोन्ही प्रकारचे रुपये एकाच भावानं तोलून दिले, तर जुन्या रुपयांत तुम्ही जवळपास निम्मी चांदी फुकट दिलीत.

आणि १९४७ चा वाघाचा रुपया चांदीचा नाही. तो निकेलचा आहे आणि लोहचुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही. जुन्या स्पीकरमधला चुंबक घरी असतोच. तो लावून पाहिला की "हे चांदीचंच हाय ना?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. अर्धंच, कारण बनावट नाणं पितळेचं असलं तर तेही चिकटत नाही. म्हणून वजनही घ्या.

आता साल. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, त्याला चांदीच्या भावाच्या कितीतरी पट किंमत मिळते. म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करणारेही असतात. शेवटच्या आकड्याभोवती धातू कोरल्यासारखा दिसला तर सावध व्हा. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ च्या रुपयाचं गणित वेगळं आहे. पुढं कित्येक वर्षं रुपये निघत राहिले तरी त्यांवर साल १८६२ च राहिलं. मुंबईच्या टांकसाळीनं मग सालाच्या वर-खाली बारीक ठिपके दिले. ठिपक्यांच्या संख्येवरून प्रकार ठरतो. काही प्रकार ढिगानं मिळतात, काहींसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. ते ठिपके मळ समजून टोकरू नका.

कडी जोडलेला किंवा भोक पाडलेला रुपया मात्र बहुतेक चांदीच्याच भावानं जातो. हमेल आख्खी असेल तर ती मोडू नका. जुनी, ओवलेली हमेल दागिना म्हणून सुट्या रुपयांपेक्षा मोलाची ठरू शकते. बंजारा आणि गोंड घरांत असे दागिने अजून आहेत, आणि ते असेच राहावेत असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक जुनं नाणं किमती नसतं

हे सांगताना समोरच्याचा चेहरा उतरतो, पण सांगावंच लागतं. १९४३ पासूनचा भोकाचा पैसा कोट्यवधींनी निघाला. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा आजही बाजारात सहज मिळतो. शिवराईचं तसंच. शिवराई दिसली की ती थेट शिवाजी महाराजांच्या काळातली, असं धरलं जातं. पण शिवराई महाराजांनंतरही दीड शतकाच्या आसपास निघत राहिली. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई पेशवाईच्या शेवटाकडची, आणि काही तर इंग्रजांच्या अमलातली. तिचा मान मनात असू द्या, पण किंमत विचारताना नेमका प्रकार बघा.

नागपूरकर भोसल्यांचे रुपये ओळखायला अवघड जातात, कारण त्यांवर भोसल्यांचं नाव नसतं. मजकूर फारसी, नाव मुघल बादशहाचं. अचलपूरच्या जुन्या टांकसाळीच्या नाण्यांवरही अशीच फारसी अक्षरं. गावात अशा नाण्याला "उर्दू शिक्का हाय, आपल्या कामाचा नाई" म्हणून बाजूला टाकतात. उलट अशाच नाण्यांमध्ये आपल्या वऱ्हाडाचा इतिहास असतो. वाचता येत नाही म्हणून फेकू नका.

मोबाईलवरचे लाख रुपये

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना, ७८६ ची नोट तीन लाखांना, ट्रॅक्टरची पाचची नोट घरबसल्या विका. अशा जाहिराती रोज येतात. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, अजून गल्ल्यात येणारं. त्याला लाख कुणी देत नाही. या जाहिरातींचा खरा धंदा पुढं असतो. 'नोंदणीचे' अडीच हजार, मग 'कराचे' दहा हजार, मग रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र आणि आणखी पैसे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की ती जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत नाही, त्यासाठी कसलंही कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. साधा नियम धरा: विकत घेणारा पैसे देतो. तोच तुमच्याकडे आधी पैसे मागत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

याहून वाईट म्हणजे राइस पुलर. तांदूळ ओढणारं, वीज पडलेलं तांब्याचं नाणं, कोटींचं गिऱ्हाईक तयार. असलं नाणं जगात नाही. माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याचे कापसाचे आख्खे पैसे 'तपासणीच्या खर्चात' गेले. तो हुशार माणूस आहे. नापिकीच्या वर्षी कुणीही आशेला लागतं, आणि हे लोक नेमकं तेच वर्ष गाठतात. याच टोळ्यांच्या हातात रामदरबार किंवा हनुमानाचं चित्र आणि १८१८ सालचं 'कंपनीचं' आण्याचं नाणं असतं. कंपनीनं तसं नाणं कधीच चलनात आणलं नव्हतं. ते नंतर पाडलेले टोकन आहेत. देवघरात ठेवा, विकत घेऊ नका.

शेतात गाडगं लागलं तर

आपल्याकडे जुन्या गावठाणाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट मातीची जागा, असते. तिथली माती खत म्हणून शेतात टाकतात, आणि तिच्याबरोबर खापरं, मणी, क्वचित नाणीही येतात. शेततळं खोदताना, नांगरताना, पहिल्या पावसानंतर बांधावर नाणी दिसतात. पवनी, पवनार, अडम, कौंडण्यपूर ही ठिकाणं पुरातत्त्वाच्या उत्खननामुळे प्रसिद्ध आहेत, पण जुनी वस्ती तेवढ्याच गावांत होती असं नाही.

वाशिम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं तऱ्हाळा हे गाव मी प्रत्येकाला सांगतो. १९३९ मध्ये तिथं सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा सापडला. पोटीन म्हणजे हलक्या प्रतीची मिश्र धातू. सोनाराच्या लेखी तिची किंमत शून्य. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी त्या साठ्याचा अभ्यास केला. त्यात कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णींची नाणी निघाली, जी नावं पुराणांतल्या राजांच्या यादीत नाहीत. साठा एकत्र राहिला म्हणून हे राजे आपल्याला कळले. घरोघरी वाटला गेला असता, तर ती नावं कदाचित कुठल्या तरी डब्यात चिंचेनं धुतली गेली असती.

म्हणून मातीतून निघालेलं एकही नाणं वाटू नका. गाडग्याची खापरंही ठेवा. जागेचा फोटो काढा, किती खोलीवर लागलं ते लिहा. लोकांना भीती वाटते की सरकार सगळं घेऊन जाईल आणि वर पोलीस मागं लागतील. १८७८ चा निखात निधी कायदा नीट वाचला तर उलट दिसतं. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं, कधी. तलाठी किंवा पोलीस पाटील यांच्यामार्फत अर्ज पुढं जाऊ शकतो, पण पोच घ्या. ठेव्यावर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि जमीनमालक वेगळा असेल, तर आपसात दुसरा काही करार नसताना तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक-चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला तो ठेवायचा असेल, तर धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश जास्त द्यावे लागतात. लपवलं तर मात्र तुमचा वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जेसीबीवाला आणि शेतमालक यांची भांडणं मी पाहिली आहेत. दोघांनाही कायदा माहीत असता तर ती झाली नसती.

शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवणंही १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, मग ते घरातलं असो की शेतातलं.

ठेवायचं कसं

रबर लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पावसाळ्यात डब्यात दमट हवा अडकते, म्हणून औषधांच्या डबीत येणारी ओलावा शोषणारी पुडी टाका. नाणं कडेनं धरा.

कुणाला दाखवायचं असेल तर आधी फोटो पाठवा. फ्लॅश बंद, दारातला तिरपा उजेड, दोन्ही बाजू आणि कड, शेजारी मोजपट्टी. सोनाराच्या काट्यावर घेतलेलं वजन दोन दशांशांपर्यंत लिहा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजबबंगला, १८६३ पासून आहे. एकदा तिथली नाणी डोळ्यांखालून घातली तर घरच्या डब्याकडे बघायची नजर बदलते. विकायचं ठरलं तर निदान दोन जाणकारांचा भाव घ्या आणि पावती मागा.

आणि प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात घालून त्यावर पेन्सिलीनं लिहा: कुणाचं होतं, कुठून आलं, केव्हापासून घरात आहे. काकूंच्या १९११ च्या रुपयाच्या पाकिटावर आम्ही लिहिलं: "सासूबाईंच्या हमेलीतला. दारव्ह्याच्या बाजारातून. हत्ती झिजला आहे."