प्रार्थनेच्या वेळी छापील बायबल काढा

संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेला आईबाबा मोबाईलवर शास्त्रपाठ वाचतात, तेव्हा मुलाला वचन दिसत नाही, फक्त मोबाईल दिसतो. त्यात वरून व्हॉट्सअ‍ॅपची पट्टी सरकली की आपली नजर तिकडे जाते आणि मुलं ते बरोबर टिपतात. म्हणून घरातलं छापील बायबल बाहेर काढा आणि पाठ मुलांना आळीपाळीने वाचू द्या. अडखळले तरी चालेल. जपमाळ म्हणत असाल तर सगळ्यांचे फोन, आपलाही, सायलेंट करून दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (6:7) मुलांशी वचनांविषयी घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलायला सांगितलं आहे. आज नेमक्या याच वेळा फोन खातो. निजताना-उठताना तो उशाशी नको असेल तर गजराचं साधं घड्याळ घ्या.

दिवसभरात फोन हातात घेताना कारण मोठ्याने सांगा: “लाइटबिल भरतेय, दोन मिनिटं.” बिल भरलं की लगेच खाली ठेवा. आठवड्यातून एकदा सेटिंगमधला आपला स्क्रीनटाइमही मुलांना दाखवा, त्यांचा मागण्याआधी.