जुन्या गाडीला रिमोट लॉक बसवताना

माझ्या जुन्या गाडीला रिमोट लॉकिंग मी घरीच बसवलं. बहुतेक वेळ दारांतच गेला, आणि तो द्यावाच.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मगच हात घाला. डोअर पॅडमागचा (म्हणजे दाराच्या आतल्या कव्हरमागचा) प्लॅस्टिक कागद हळूच सोडवा. फाटला तर पाणी पॅडपर्यंत येतं. प्रत्येक दारात लॉकचा रॉड पुढे-मागे ढकलणारी एक मोटर बसते. ती रॉडच्या रेषेतच बसली पाहिजे. तिरकी बसली की रॉड अडतो आणि मोटर लवकर जळते. स्क्रू आवळण्याआधी लॉक हाताने पूर्ण पुढे-मागे करा, काचही खाली घेऊन बघा. पहिल्या दारात मी काच बघितली नाही, ती मोटरवर आदळली आणि सगळं पुन्हा खोलावं लागलं.

पाच वायरींची मोटर ड्रायव्हरच्या दाराला, दोन वायरींच्या बाकीच्यांना. वायरी दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीतूनच न्या. पत्र्याच्या कडेला घासल्या की शॉर्ट होतात. युनिटला (रिमोटचा सिग्नल घेऊन मोटर चालवणाऱ्या डब्याला) सप्लाय कायम चालू असलेल्या १२ व्होल्टच्या लाइनवरून, फ्यूज लावूनच द्या.

एखादं दार उलटं चाललं, म्हणजे लॉक दाबल्यावर उघडलं, तर त्याच मोटरला फिरवणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल करा. पहिली चाचणी काच उघडी ठेवून, किल्ली खिशात ठेवूनच घ्या.