घराण्यातला काचबिंदू कसा शोधावा

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेझर, ऑपरेशन यांनी राहिलेली तेवढी टिकवता येते. बहुतेकांना सुरुवातीला दुखत नाही, पेपरही वाचता येतो, कमी होत जाते ती कडेची नजर. त्यामुळे घरात एकाला काचबिंदू निघाला की बाकीच्यांनी त्रास व्हायची वाट बघू नये. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराच्या पाहणीत रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता २२ टक्के निघाली, इतरांना २.३ टक्के.

आधी वंशावळ काढा. तीन पिढ्या पुरे. दोन्हीकडचे आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावश्या, भावंडं, मुलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल त्याचा आकार रंगवायचा. नवरा-बायको मुळातच नात्यातले असतील तर त्यांच्यामध्ये दोन रेघा.

मग फोन लावा. "काचबिंदू होता का?" असं विचारलंत तर "नाही रे, मोतीबिंदू होता" हे उत्तर ठरलेलं. म्हणून प्रश्न बदला. ऑपरेशननंतर नीट दिसायला लागलं का? वर्षानुवर्षं रोज थेंब घालायचे का? त्रास कितव्या वर्षी सुरू झाला? चालताना बाजूच्या माणसाला, दाराच्या चौकटीला धडकायचे का? "आजोबांना म्हातारपणी दिसेनासं झालं" एवढ्यावर फोन ठेवू नका. आत्याच्या कपाटात जुनी फाइल असतेच. त्यातला डोळ्याच्या प्रेशरचा आकडा आणि फील्ड टेस्टचा, म्हणजे कडेची नजर मोजणाऱ्या चाचणीचा, कागद यांचे फोटो मागवून घ्या.

आता कागद नीट बघा. रंगवलेले आकार इकडेतिकडे विखुरलेले आणि सगळे चाळिशीनंतरचे असतील, तर तुमचं घर बहुतेकांसारखंच आहे. अशा काचबिंदूत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, एका चाचणीने हो की नाही ते कळत नाही. इथे जनुक-चाचणीवर पैसे घालू नयेत, ते नियमित तपासणीवर खर्च करावेत, असं माझं मत.

पिढी दर पिढी आणि तरुणपणीच, तेही खूप वाढलेल्या प्रेशरसह, असं चित्र दिसलं तर गोष्ट वेगळी. मायोसिलिन हे जनुक १९९७ साली याच संदर्भात सापडलं. त्यातला बदल एका पालकाकडून आला तरी पुरतो, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. इथे चाचणी कामाची, पण पहिली आजार असलेल्याची करायची.

तान्ह्या बाळाचे "काय टपोरे डोळे!" म्हणून कौतुक चाललंय, पण बाळ उजेडात डोळे मिटून घेतं, सतत पाणी येतं, बुबुळ धुरकट दिसतं? त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जन्मजात काचबिंदूत सीवायपी१बी१ या जनुकातले बदल बरेचदा दोन्ही पालकांकडून आलेले असतात. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत ही शक्यता वाढते.

आईकडच्या बाजूला मामा किंवा मावसभाऊ विशी-तिशीत, काही न दुखता, एकापाठोपाठ दोन्ही डोळ्यांनी अधू झाला असेल तर तो बहुधा काचबिंदू नव्हे. थिओडोर लेबर यांनी १८७१ साली वर्णन केलेला दृष्टिचेतेचा, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा, आनुवंशिक आजार असू शकतो. त्यातला दोष मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, असतो आणि तो फक्त आईकडून येतो, बापाकडून मुलांना जात नाही. दोष असलेल्या सगळ्यांचीच नजर जाते असं नाही, पण पुरुषांची जास्त जाते. मुख्य तीन बदल रक्ताच्या चाचणीत सापडतात. अशा घरातल्या पोरांनी सिगारेट आणि दारूपासून लांबच राहावं, त्याने धोका वाढतो.

तपासणीला जाताना कागद बरोबर न्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. प्रेशर, डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होतो त्या कोनाची तपासणी, दृष्टिचेता, ओसीटी (डोळ्याच्या आतल्या थरांचा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट, एवढं स्पष्ट मागा. प्रेशर १० ते २१ मध्ये, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत, आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या प्रेशरलाही काचबिंदू होतो. सख्ख्या नात्यातल्यांनी चाळिशीची वाट पाहू नये. घरात कोणाला लहान वयात झाला असेल तर आणखी लवकर जा.

डोळे लाल झाले म्हणून मेडिकलवाल्याने परस्पर दिलेल्या थेंबांची बाटली वाचून बघा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे आणि काचबिंदूच्या घरांत त्याने प्रेशर चढण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना घरचा इतिहास सांगितल्याशिवाय ते डोळ्यात घालू नका.