सागरी संग्रहालयाला बडोद्यातून मदत कशी करावी

बडोद्यात समुद्र नाही, तरी इथल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर समुद्राच्या वस्तू निघतात. गायकवाडांचं आरमार बिलिमोऱ्याला असे आणि ओखा बंदर बडोदा संस्थानचंच होतं, तेव्हा त्यात नवल नाही. मी इथेच, फाईन आर्ट्सला म्युझिऑलॉजी शिकले आणि नोकरीभर संग्रहालयांच्या नोंदवह्या सांभाळल्या. लोथलला सागरी वारसा संकुल उभं राहतंय म्हटल्यापासून दांडिया बाजारातले ओळखीचे लोक विचारतात, ‘आम्ही काय द्यावं?’

पैसे द्यायचे असतील तर देखभालीला द्या. नव्या दालनाला देणगीदार मिळतात, कारण तिथे नावाची पाटी लागते. कोठाराची हवा रात्रंदिवस कोरडी ठेवायचं वीजबिल भरायला सहसा कुणी पुढे येत नाही. समुद्रातून आलेल्या लोखंडात मीठ मुरलेलं असतं, हवा दमट झाली की गंज आतून सुरू होतो. लाकडाचं दुखणं त्याहून लांबतं. १६२८ साली बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडनचं जहाज १९६१ साली वर काढलं, तेव्हा लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन फवारावं लागलं, तेही सतरा वर्षं! असा खर्च एकरकमी देणगीवर निभत नाही. म्हणून वर्षातून एकदा पाच हजार देण्यापेक्षा दरमहा चारशे द्या आणि सोबतच्या पत्रात ‘संस्थेला गरज वाटेल तिथे वापरावे’ एवढंच लिहा.

आपली पहिली ‘विक्रांत’ ही युद्धनौका निवृत्तीनंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिची डागडुजी आणि पुढची देखभाल पेलणारं कुणी मिळालं नाही आणि २०१४ साली ती भंगारात गेली. त्याच मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं १८१७ सालचं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज मात्र इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. १८९७ साली ते मोडीत निघत असताना एका माणसानं स्वतःच्या पैशानं विकत घेतलं होतं. ‘विक्रांत’चं आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

कराचं थोडक्यात सांगते. देणगीवरची आयकरातली वजावट, जिला लोक ८०जी म्हणतात, फक्त पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. दोन हजारांच्या वर रोख देऊ नका. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट नाहीच.

वस्तू द्यायची असेल तर आधी तिला हात लावू नका. सेक्स्टंट, म्हणजे समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, निघाला की घरातलं कुणीतरी पितांबरी घेऊन बसतं. कृपा करून तो घासू नका. पितळेच्या कमानीवर अंशांच्या बारीक खुणा आणि बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, घासून तेच पुसट होतं. पेटी उघडून झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. पुष्कळदा तिथे तपासणीचा छापील दाखला चिकटवलेला असतो. त्यावर तारीख असते आणि ते यंत्र किती चुकतं याचे आकडे असतात. तो कागद सुटला की वस्तूची अर्धी ओळख गेली. आजोबा कोणत्या जहाजावर होते, कोणत्या साली, फोटोत शेजारी कोण उभं आहे, हे आई-मावशीला विचारून आजच लिहून ठेवा आणि वस्तूसोबत द्या.

मग संग्रहालयाला फोटो पाठवा, वस्तू नाही. त्यांच्याकडे तसेच चार सेक्स्टंट असतील तर ते नको म्हणतील, त्याचा राग धरू नका. हो म्हणाले तर दानपत्र करा आणि त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, नाहीतर दहा वर्षांनी एखादा पुतण्या दारात उभा राहतो. ‘कायम प्रदर्शनात ठेवावी’ अशी अट घालू नका. बहुतेक संग्रह कोठारातच असतो आणि अभ्यासकांना तिथेच उपयोगी पडतो. वस्तू शंभर वर्षांहून जुनी किंवा हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांहून जुनं असेल तर १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. नोंदणी लागते का, ते पहिल्याच पत्रात विचारा.

आणि बडोदेकरांकडे एक गोष्ट आहे जी पैशानं सहज मिळत नाही. इथे अजून मोडी वाचणारी वडीलधारी माणसं आहेत. मराठी आरमाराचे, बंदरांच्या जकातीचे कागद मोडीत आहेत आणि ते वाचणारे दरवर्षी कमी होताहेत. तुमच्या घरी असे काका किंवा आत्या असतील तर संग्रहालयाला कळवा की आठवड्याला दोन पानं वाचून देऊ. पानांचे फोटो फोनवर येतात, मोठे करून बघता येतात. वाचलेलं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहायला घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा. न लागलेल्या शब्दाची जागा मोकळी सोडायला सांगा, अंदाजानं भरू देऊ नका.